इंचाला तासभर वाफ

आमच्या घराण्यात वाकायची पद्धत नाही. 'मोडेन पण वाकणार नाही' हे वाक्य आमच्याकडे पोरांना शुभंकरोतीच्या आधी पाठ होतं, आणि त्याबरहुकूम आमची बरीच माणसं वेळोवेळी मोडलेलीही आहेत. पणजोबा भाऊबंदकीत मोडले, आजोबा त्याच भाऊबंदकीच्या दाव्यात मोडले, आणि वडिलांनी साहेबापुढे मान न तुकवल्यामुळे त्यांचं प्रमोशन दोनदा हुकलं. घराण्यात वाकलेला असा मी एकटाच. तोही पन्नाशीनंतर, मणक्याच्या कृपेने. त्यात तत्त्वाचा काही भाग नाही.

या परंपरेचा आजचा ध्वजस्तंभ म्हणजे आमचे भाऊकाका. वय ७९. पाठ इतकी ताठ की गवंड्याचा ओळंबा हरवला तर त्याने काकांना भिंतीशेजारी उभं करून काम भागवावं. देवळातही ते उभ्यानेच हात जोडतात. एकदा पुजारीबुवांनी "जरा वाकलात तर मूर्ती नीट दिसेल" असं सुचवलं, तर म्हणाले, "मला नाही दिसली तरी चालेल. तिला मी दिसतोय ना?"

मागच्या गणपतीत काका आमच्याकडे जेवायला आले. एकवीसपैकी सात मोदक एकट्याने संपवले आणि बडीशेप चघळत आमच्या काळ्या खुर्चीवर बसून मागे रेलले. मागे म्हणजे किती, तर खुर्चीचे पुढचे दोन पाय जमिनीवरून उठले एवढे. खुर्चीने आधी बारीकशी कुरकुर केली. आमच्या घरात कोणाच्या कुरकुरीकडे लक्ष द्यायचीही पद्धत नाही. मग 'काड्' असा आवाज झाला. काका भिंतीला टेकले म्हणून वाचले, पण खुर्चीच्या पाठीतली आतली कमान मधोमध मोडली होती. काकांनी ती हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, "मोडली, पण वाकली नाही. शोभते आपल्या घरात!"

आता मला माहीत आहे की या वाक्यात एक मूलभूत चूक होती. ती खुर्ची जन्मालाच वाकून आली होती. ती उभी होती तीच मुळी वाकलेली असल्यामुळे. पण तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी काकांना सांगायची माझी टाप नव्हती.

खुर्ची साधीसुधी नव्हे. एक इराणी हॉटेल बंद पडलं तेव्हा तिथलं सामान विकायला निघालं, त्यातून वडिलांनी ती उचललेली. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी इराण्याकडे ब्रुन मस्का चहात बुडवला आहे त्यांना ती ओळखीची आहे. गोल बैठक, काळपट तपकिरी रंग, पाठीला एकात एक अशा दोन कमानी, आणि वजन इतकं कमी की पोऱ्या एका हातात दोन-दोन उचलून टेबलावर उलट्या घालतो. वडील म्हणायचे, "त्या खुर्चीवर बसून मी जेवढा चहा प्यायलोय, त्यात तिची किंमत केव्हाच फिटली होती. फक्त घरी आणायची राहिली होती."

आमच्या नेहमीच्या मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री बोलतात कमी. बहुतेक संभाषण कानावरच्या पेन्सिलीने करतात. त्यांनी मोडलेली कमान खिडकीपाशी नेली, अंगठ्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपली आणि म्हणाले, "साहेब, हे कापून काढलेलं नाही."

"मग?"

"रेषा बघा."

मी पाहिल्या. लाकडाच्या बारीक रेषा कमानीबरोबर वर चढत होत्या, कमानीबरोबर वळत होत्या आणि कमानीबरोबरच खाली उतरत होत्या. वळणावळणाच्या घाटात रस्त्याकडेचा पांढरा पट्टा जसा सोबत करतो, तशा. मिस्त्रींनी समजावलं, की फळीतून अशी कमान करवतीने कापली असती तर रेषा सरळच राहिल्या असत्या आणि वळणावर आडव्या पडल्या असत्या. आणि आडव्या रेषेवर लाकूड बिस्किटासारखं तुटतं. "हे वाकवलंय," ते म्हणाले, आणि पेन्सिल कानावर परत गेली. "असं आता कोणी करत नाही. स्टीलची आणा."

स्टीलची आणली असती तर हा लेख झाला नसता आणि आमच्या गॅलरीचा रंगही शाबूत राहिला असता. पण 'कोणी करत नाही' असं म्हटलं की आमच्या घराण्यातल्या माणसाला ते करावंसं वाटतं. मी वाचायला घेतलं.

या खुर्चीचा मूळपुरुष मिखाएल थोनेट. जन्म १७९६ चा, ऱ्हाइनकाठच्या बोपार्ड गावचा सुतार. १८३० नंतरच्या काळात हा गृहस्थ लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसात उकळायचा आणि साच्यात वाकवून खुर्च्या करायचा. सरस उकळताना जो वास येतो तो ज्याने घेतला आहे, त्याला थोनेटच्या बायकोविषयी आदर वाटल्याशिवाय राहणार नाही. पुढे व्हायचं तेच झालं. कर्ज वाढलं आणि मालमत्तेवर टाच आली. पण त्याआधी, १८४१ साली, कोब्लेंझच्या एका प्रदर्शनात या खुर्च्या ऑस्ट्रियाचा चॅन्सलर मेटर्निख याच्या नजरेला पडल्या होत्या, आणि त्याने थोनेटला व्हिएन्नाला बोलावून घेतलं. मेटर्निख आठवतो ना? शाळेच्या इतिहासात 'प्रतिगामी' या शब्दापुढे ज्याचं नाव लिहायचं असे, तो. युरोपात कोणी जागचं हलू नये म्हणून जन्मभर ताठ बसलेला माणूस. वाकणाऱ्या लाकडाची कदर करायला नेमका तोच भेटला. कदाचित इतकी वर्षं ताठ बसून त्याचीच पाठ दुखत असेल.

पट्ट्या सरसाने चिकटवायची एक अडचण होती. दमट हवेत सरस सुटायचा. जहाजातून लांब पाठवलेली खुर्ची बंदरावर पोचेपर्यंत पुन्हा पट्ट्या व्हायची. म्हणून थोनेट अखंड लाकडाच्या मागे लागला. बीच नावाच्या झाडाचा दांडा वाफेवर मऊ करायचा आणि सगळाच्या सगळा वाकवायचा. १८५६ साली त्याला याचं पेटंट मिळालं, पुढच्याच वर्षी मोराव्हियातल्या बीचच्या जंगलांच्या शेजारी कारखाना निघाला, आणि १८५९ साली 'नंबर १४' नावाची खुर्ची बाजारात आली. लाकडाचे तुकडे सहा, स्क्रू दहा, नट दोन. बस्स. सुट्या भागांच्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात बसायच्या. चर्चगेट फास्टचा पहिल्या वर्गाचा डबा सोडला तर एवढ्या जागेत एवढा ऐवज बसवल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. १९३० पर्यंत अशा पाच कोटी खुर्च्या विकल्या गेल्या. सहा तुकड्यांची ही कुळी जगभरच्या कॅफेंमध्ये पसरली, आणि तिच्या गोतावळ्यातली एक आमच्या हॉलमध्ये येऊन काकांखाली मोडली.

आता मुद्द्याचा प्रश्न. लाकूड वाकतं कसं?

लाकूड म्हणजे चिक्की आहे. हे वाक्य कोणा शास्त्रज्ञाचं नाही, माझं आहे. पण शास्त्रज्ञाला ते फारसं खोडता येणार नाही. चिक्कीत शेंगदाणे असतात आणि त्यांना धरून ठेवणारा गुळाचा पाक असतो. लाकडात सेल्युलोजचे लांबलांब धागे असतात आणि त्यांना धरून ठेवणारं लिग्निन असतं. गार चिक्की वाकवायला जा, तुकडा पडतो. कधी चिक्कीचा, कधी दाताचा. पण तोच पाक गरम असतो तेव्हा पोळपाटावर मुकाट्याने पसरतो. लिग्निनही तसंच. लाकूड ओलसर असेल तर पाणी उकळायच्या आतच ते मऊ पडतं, धाग्यांना इकडचं तिकडे सरकायला मोकळीक मिळते, आणि गार झालं की सगळी मंडळी नव्या जागेवर घट्ट बसतात. म्हणजे लाकूड वाकवायला लागते ती साधी वाफ. उकडीच्या मोदकाला लागते तीच. आणि हिशोबही सोपा आहे, जाडीच्या दर इंचाला साधारण तासभर.

हा हिशोब मी उत्साहाने बायकोला सांगितला. ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "इंचाला एक तास? काही काही ठिकाणी तीस वर्षं वाफ देऊन झाली, अजून कच्चंच आहे."

खरं तर ही युक्ती थोनेटच्याही फार आधीची. इजिप्तच्या तुतनखामुनबरोबर पुरलेल्या रथांमध्ये वाकवलेलं लाकूड आहे. 'इलियड'मध्ये एक योद्धा कोसळतो तेव्हा होमरला आठवतो तो रथाच्या चाकाची कड वाकवण्यासाठी सुताराने पाडलेला पॉप्लर. आणि आपल्याकडे? ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात, वसिष्ठांच्या नावावरच्या एका सूक्तात, कवी म्हणतो की सुतार चांगल्या लाकडाची चाकाची कड जशी नमवतो तसा मी माझ्या वाणीने इंद्राला नमवतो. मी हे दोनदा वाचलं. आपण देवाला नमस्कार करतो म्हणजे आपण नमतो. हे ऋषी देवालाच नमवायला निघाले आहेत, आणि उपमा कोणाची, तर सुताराची! वाणीची वाफ देऊन इंद्राला वाकवणारा हा माणूस आज असता तर कुठल्याही सरकारी कचेरीत त्याची फाइल एका दिवसात सुटली असती.

धम्मपदात तर सरळ यादीच आहे. पाटकरी पाणी वळवतात, बाण करणारे बाण सरळ करतात, सुतार लाकूड वाकवतात आणि शहाणे स्वतःला वळण लावतात. यातली पहिली तीन कामं मला अवघड पण शक्य कोटीतली वाटली.

सगळ्यात मजेदार ती महाजनक जातकातली हकीकत. हा राजा राज्य सोडून निघतो, राणी सीवली त्याच्या मागोमाग. वाटेत एक बाण करणारा बसलेला. निखाऱ्यांवर बाण शेकतोय, आंबट कांजीने भिजवतोय आणि एक डोळा मिटून दुसऱ्याने सरळ झाला का ते बघतोय. राजा विचारतो, एक डोळा का मिटलास? तो म्हणतो, दोन डोळ्यांनी नजर फाकते, एकाने वाकडेपणा नेमका दिसतो. राजा राणीकडे वळून म्हणतो, ऐकलंस ना? एकटंच बरं. अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यात या महाजनकाची कथा रंगवलेली आहे. मी ती बायकोला सांगितली ती कांजीसाठी. म्हणजे शेक आणि ओल यांची जोडी किती जुनी आहे ते कळावं म्हणून. तिने त्यातलं फक्त शेवटचं वाक्य ऐकलं. त्या रात्री मीही एकटाच जेवलो.

एवढी पूर्वपीठिका झाल्यावर मी लाकूड आणायला पुण्याच्या टिंबर मार्केटात गेलो. पहिल्याच वखारीत विचारलं, "बीच आहे का?"

गल्ल्यावरचे शेठ म्हणाले, "किसके बीच?"

पाचव्या वखारीत मिळालं. परदेशातून आलेलं, गुलाबीसर, गुळगुळीत, भट्टीत वाळवलेलं. विकणारा म्हणाला, "एकदम कोरडं आहे साहेब, जन्मात वाकणार नाही." हे त्याने गुण म्हणून सांगितलं, आणि मी गुण म्हणूनच ऐकलं. रक्तातच आहे आमच्या.

आता वाफेची पेटी. त्यासाठी घरातलं मोदकपात्र मागितलं. ते मिळालं नाही, आणि का मिळालं नाही ते छापण्यासारखं नाही. मग जुना पाच लिटरचा कुकर घेतला, त्याची शिट्टी काढून तिथे रबरी नळी बसवली आणि नळीचं दुसरं टोक प्लंबरने टाकून दिलेल्या चार इंची पीव्हीसी पाइपात सोडलं. पाइप गॅलरीत दोन स्टुलांवर आडवा. आत बीचचा दांडा. दोन्ही तोंडांना माझे जुने बनियन कोंबलेले, वाफ जरा बाहेर पडत राहील इतपत सैल. दांडा होता पाऊण इंचाचा, म्हणजे पाऊण तास. मी मोबाइलवर गजर लावला आणि खुर्चीत बसून (स्टीलच्या) वाट पाहू लागलो.

पंधराव्या मिनिटाला खालच्या मजल्यावरून विचारणा झाली की तुमच्याकडे आज काय आहे. पंचविसाव्या मिनिटाला सोसायटीचे सेक्रेटरी वर आले, गॅलरीतून वाफेचे लोट पाहिले आणि "एवढ्या जणांचं केटरिंग घरातून करायला परवानगी लागते" असं सांगून गेले. पस्तिसाव्या मिनिटाला मला दिसलं की काहीतरी वाकतंय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पूर्वजांची नावं आठवली. जवळ जाऊन पाहिलं, तर वाकत होता पाइप. दोन स्टुलांच्या मधोमध तो पाळण्यासारखा झुलत खाली आला होता, अत्यंत सुबक, एकसारखी, थोनेटलाही हेवा वाटावा अशी कमान घेऊन. पीव्हीसीला ऐंशी अंशांच्या आसपासच घाम फुटतो, हे मला आधी कोणीतरी सांगायला हवं होतं. आतला दांडा बाहेर काढला. तो आमच्या भाऊकाकांइतका सरळ होता.

तरीही गुडघ्यावर धरून जोर लावला. 'काड्.' हा आवाज आता ओळखीचा झाला होता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले, पाइपाकडे बराच वेळ पाहत राहिले आणि पहिल्यांदाच आपणहून बोलले. "साहेब, भट्टीत वाळलेलं लाकूड आहे हे. त्याची वाकायची वेळ टळून गेली." मग मोडलेल्या टोकावर नख ओढून म्हणाले, "वाकवायला ओलं लाकूड लागतं. गाठ नसलेलं. आणि करवतीने चिरायचं नाही. फोडायचं."

त्यांचं बालपण कोकणात खाडीकाठी गेलेलं. त्यांचे आजोबा होड्या बांधायचे. फळी खालून आगीवर शेकायची, वरून पाणी मारायचं, एका टोकाला दगड लटकवायचे आणि फळी जसजशी सैलावेल तसतसा दगड वाढवत जायचा. "आजोबा फळीवर कधी जोर करायचे नाहीत," मिस्त्री म्हणाले. "दगड बांधून विडी ओढत बसायचे. म्हणायचे, फळीला ठरवू दे." एस्टोनियातल्या सोमा भागात अशीच आग आणि पाणी देऊन ॲस्पेनचा पोखरलेला ओंडका हळूहळू उलगडतात आणि त्याची होडी होते, २०२१ साली युनेस्कोने ही कला तातडीने जपायला हव्यात अशा वारशांच्या यादीत घातली. मिस्त्रींच्या आजोबांना कुठल्या यादीत घातलं नाही. पण विडी ओढत बसणं हा त्या कलेचा अर्धा भाग आहे हे मला कळलं, आणि तो भाग आपल्याला जमेल असं वाटलं.

आठवड्याने मिस्त्री गावाहून तुतीचा हिरवा ओंडका घेऊन आले. तुती का, तर आपल्या लाकडी हॉकी स्टिकचं खालचं वळण याच लाकडाचं असे. ज्या स्टिकने भारताने ऑलिंपिक गाजवलं तिच्या टोकाला वाफ दिलेली तुती होती, हे कळल्यावर मी त्या ओंडक्याला, काकांच्या नकळत, जरा वाकून नमस्कार केला.

ओंडका मिस्त्रींनी पाचर ठोकून फोडला. तो रेषेरेषेने उकलला, तुरीची शेंग उकलावी तसा. मग वाकसाने तासून, रंध्याने गोल करून दांडा तयार झाला. वाफेसाठी त्यांनी जुन्या खोक्याच्या फळ्यांची लांबट पेटी ठोकली. तिला वाकायची हौस नव्हती. प्लायवूडचा साचा कापला, मोडलेल्या कमानीच्या मापाचा, पण तिच्यापेक्षा दोन बोटं आवळ. मी म्हटलं, "माप चुकलं मिस्त्री." ते म्हणाले, "सोडलं की थोडं परत उलगडतं. सवय जात नाही." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, या म्हणीसाठी सुतारांनी दोन बोटांची तरतूद करून ठेवली आहे, हे मला नवीन होतं.

आणि शेवटी पट्टी. हीच थोनेटची खरी करामत. दांडा वाकला की त्याची आतली बाजू आखडते आणि बाहेरची ताणली जाते. वाफवलेल्या लाकडाचा स्वभाव असा की दाबलं तर ते लांबीच्या पाव हिश्शापर्यंत आखडायला तयार होतं, पण ताणलं तर शंभरात एक-दोन भागांच्या पुढे नाही म्हणजे नाही. म्हणून ते नेहमी बाहेरून फाटतं. थोनेटने बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टी लावली आणि दोन्ही टोकांना अडकवून टाकली. आता बाहेरच्या बाजूला ताणायची सोयच राहिली नाही. सगळं वाकणं आतल्या बाजूने आखडून सोसायचं. आमची पट्टी पॅकिंगच्या खोक्याची होती, टोकांना सागाचे दोन ठोकळे. मिस्त्रींनी ती दांड्याच्या पाठीवर बसवताना हलकेच थोपटली. शाळेत पहिल्या दिवशी पोराला सोडताना थोपटतात तशी.

पन्नास मिनिटं झाली. पेटीचं झाकण उघडलं तेव्हा उकडलेल्या शेंगांसारखा वास आला. मिस्त्रींनी दांडा काढला, पट्टीत घातला, मध्यभागी साच्यावर टेकवला आणि म्हणाले, "धरा. आता बोलायचं नाही." पेटीबाहेर लाकूड भराभर गार होतं, हातात असतो जेमतेम अर्धा-पाऊण मिनिट. एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. मी सवयीने जोर लावला. दांड्याने तेवढाच जोर उलट लावला. मिस्त्रींनी मान हलवली. मी हात सैल केला, नुसतं वजन टाकलं. आणि मग माझ्या तळव्याखाली ते झालं. दांडा आतून सुटला. मोडला नाही, सुटला, हट्ट करून दमलेलं मूल खांद्यावर मान टाकतं तसा. दोन्ही टोकं साच्याभोवती फिरत खाली आली, मिस्त्रींनी शिकंजे आवळले, आणि पेन्सिल कानावरून काढून साच्यावर तारीख लिहिली. कुठेही 'काड्' झालं नाही. इतकी शांतता आमच्या घरात आधी कधी झाली नव्हती.

कमान दहा दिवस साच्यात होती. त्या दहा दिवसांतच बातमी आली की भाऊकाकांची पाठ धरली. कारण काय, तर शिंक. उभ्याउभ्या, ताठ, सन्मानाने दिलेली एक शिंक, आणि काका होते त्याच जागी अडकले. डॉक्टरांनी तपासलं. मी भेटायला गेलो तेव्हा काकूंनी कागद दाखवला. रोज गरम पाण्याच्या पिशवीचा ओला शेक, कमरेला पट्टा, आणि तीन आठवडे धीर धरा. मी तो कागद पुन्हा वाचला. शेक, पट्टा आणि वेळ. डॉक्टरांचं व्हिएन्नाला कोणी नातेवाईक आहे का, असं विचारायचं अगदी ओठावर आलं होतं.

दहाव्या दिवशी शिकंजे सोडले. कमान दोन बोटं उलगडली आणि मोडक्या कमानीशी जुळवून पाहिली तर मापात बसली. मिस्त्रींनी फक्त "हं" केलं. त्यांच्या भाषेत ही सनई-चौघड्याची जागा आहे.

दिवाळीत काका आले. पट्टा सदऱ्याच्या आत होता. त्याविषयी कोणी बोलायचं नाही अशी काकूंची खूण होती. खुर्ची हॉलच्या मधोमध, नवी कमान अजून जराशी फिकट, आणि मी शेवटचा स्क्रू बसवत होतो. दहातला दहावा. तो हातातून निसटला, फरशीवर टणटणत गेला आणि सोफ्याखाली दिसेनासा झाला. मी उठेपर्यंत काका पुढे झाले होते. आधी गुडघे, मग कंबर, मग ती सुप्रसिद्ध पाठ. सगळं अगदी हळूहळू, कुठे थांबून, कुठे श्वास घेऊन, पण कसलाही आवाज न होता. काकूंनी पदर तोंडाला लावला. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी मनातल्या मनात आकडे मोजत होतो. अठ्ठावीसला काका स्क्रू घेऊन वर आले.

हॉलमध्ये सगळे गप्प होते. काकांनी स्क्रू माझ्या तळहातावर ठेवला, सदरा नीट केला आणि एकेकाकडे करड्या नजरेने पाहिलं.

"वाकलो नाही," ते म्हणाले. "स्क्रू शोधत होतो."